रंभा, क्लिअर?

आमच्या गोठ्यात ते यंत्र आलं त्या दिवशी उन्नतीने त्याला हळद-कुंकू लावलं, समोर नारळ फोडला आणि मला म्हणाली, "आई, आता तुझी अन् बाबाची सुट्टी." सुट्टी कोणी मागितली होती? पण मी काही बोलले नाही. मी बोलले नाही म्हणजे मला राग आला आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. एरवी माझं तोंड बंद नसतं.

यंत्र म्हणजे काय, तर पालथं घातलेलं भलं मोठं पिंप. खाली गोल फिरणारा घेर, पोटात बॅटरी आणि वजन, डोक्यावर एक पिवळा दिवा. पुण्याकडच्या कुठल्याशा छोट्या कंपनीने बनवलेलं. ठरवून दिलेल्या वेळी ते कोपऱ्यातून आपलं आपण निघतं, गोठ्याच्या मधल्या गल्लीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत जातं आणि जाता जाता गायींपुढे पसरलेला चारा त्यांच्या तोंडाशी ढकलत जातं. मग परत येऊन कोपऱ्यात उभं राहतं. चहा मागत नाही, तंबाखू मागत नाही, कोणाशी बोलत नाही.

गोठ्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांना वाटेल, चारा ढकलायला काय एवढं? अहो, गाय नीट जेवत नाही. नाकाने उधळते, आतला गोड गोड मका शोधते आणि त्या शोधात बाकीचं सगळं पुढे लोटते. थोड्या वेळाने चारा समोर दिसतो, पण जीभ पोचत नाही. मग मान ताणून ताणून कंटाळते आणि जाऊन बसते. बसलेली गाय खात नाही, आणि पोटभर न खाणारी गाय दूध देत नाही. म्हणून दिवसातून अनेकदा कोणीतरी तो चारा पुन्हा तिच्यापुढे सरकवावा लागतो. भिलाई-३ च्या पुढे, रेल्वे लाइनच्या पलीकडे आमचा गोठा उभा राहिला तेव्हापासून हे काम आम्ही दोघं नवरा-बायको करत होतो.

माझं नाव रंभा. हसू नका. नाव रंभा आणि हात कोपरापर्यंत शेणात, ही थट्टा माझी मीच इतकी केली आहे की दुसऱ्याला काही शिल्लक ठेवलेलं नाही. माहेर आमगावकडचं. मॅट्रिक झाल्यावर लग्न झालं आणि भिलाईत, कॅम्प-१ या कामगारवस्तीतल्या एका खोलीत आले. ह्यांचं नाव तेजराम. कागदावर लिहिते आहे म्हणून घेतलं, तोंडाने कधी घेत नाही. तेव्हाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत हे सगळे सांगतात. पण आमच्या घरात नवराही बायकोचं नाव घेत नसे, हे कोणी सांगत नाही. खोली एक, त्यात चूल, खाट, सासूबाई आणि दोन दीर. ह्यांनी मला बोलवायचं म्हणजे 'अवो' म्हणायचं, नाहीतर नुसतं खाकरायचं. उन्नती झाल्यावर मी 'उन्नतीची माय' झाले. दुकानात 'तेजरामची घरवाली'. बालवाडीत शिकवायला लागले तेव्हा 'मॅडम'. माहेरी गेले की तेवढे चार दिवस मी रंभा असायचे. पुढे माहेरची माणसंही एकेक करून गेली.

तरी ते कॅम्पातले दिवस काय होते! दारात एक म्हैस बांधलेली. एका बाजूला तेलुगू शेजारी, दुसऱ्या बाजूला ओडिया, समोर बंगाली, आणि सगळ्यांच्या घरी आमचं दूध. बंगालीण बाई दुधात पाणी असल्याचा संशय घ्यायची. मी तिच्याशी दर आठवड्याला कडाकडा भांडायचे आणि तिने केलेलं माशाचं कालवण तिच्याच ओट्यावर बसून खायचे. हे पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर होते. शिफ्टवरून यायचे ते डोळे सोडून सगळे काळे. मी पाणी तापवून ठेवायचे. अंघोळ करून, जेवून, सासूबाईंशी दोन शब्द बोलून हे झोपायचे. मोरीतून ते काळं पाणी वाहून जाताना मी रोज बडबडायचे. आज त्या पाण्याचीसुद्धा आठवण येते, आणि मग स्वतःचंच हसू येतं.

निवृत्त झाल्यावर ह्यांच्या बरोबरीचे लोक बोरसीकडे घरं बांधून गच्चीत कुंड्या लावत बसले. ह्यांनी गायी घेतल्या. उन्नती रायपूरला डेअरीचं शिकत होती, तिनेच बापाच्या डोक्यात भरवलं होतं. शेड उभी राहिली, मधे सिमेंटची गल्ली, दोन्ही बाजूंना गायी. चारा सरकवायला ह्यांनी कॅम्पातल्या कबाड्याकडून जुन्या रबरी पट्ट्याचा तुकडा आणला आणि लांब पाइपाला आडवा ठोकला. त्याला हे 'रॅम' म्हणायचे. काम असं वाटलेलं होतं की मी गल्लीच्या त्या टोकाकडून उरलेलं उष्टं, बुरसा आलेला मुरघास, दोऱ्या, खडे वेचून काढायचे. माझं काढून झालं की ह्यांनी या टोकापासून रॅमने चांगला चारा सरकवत यायचं.

पहिलाच दिवस. मी खाली वाकून बुरसटलेला चारा टोपलीत भरत होते, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

"रंभाऽऽ, क्लिअर?"

टोपली माझ्या हातातून पडली. इतकी वर्षं संसार केला, पण ह्यांच्या तोंडून माझं नाव मी ऐकलं होतं ते फक्त लग्नात, उखाण्यात. तेही उखाणा अर्ध्यावर विसरले म्हणून नुसतं नाव घेऊन मोकळे झाले होते. आणि इथे भर दिवसा, आमच्याकडे काम करणारा सुखराम समोर उभा असताना, खुशाल ओरडत होते. माझे कान लाल झाले. मी पडलेली टोपली उचलायला लागले.

"अवो, बोल ना!" हे तिकडून चिडले. "उत्तर आल्याबिगर मी ढकलत नाई. रंभा, क्लिअर?"

"क्लिअर!" मी कसंबसं म्हणाले. "द्या ढकलून!"

संध्याकाळी मी ह्यांना धरलंच. "नाव कावून घेतलं माझं? लोकाईच्या समोर?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझा नवरा प्लांटमध्ये नेमकं काय करायचा. उंच, अरुंद भट्ट्यांची रांग असते. आत कोळसा तापून तापून लालभडक कोक झालेला असतो. एका बाजूला पुशर कार; ती लांबच लांब दांडा भट्टीत घालते आणि तो सगळा धगधगता माल पलीकडच्या गाडीत ढकलून देते. त्या दांड्याला रॅम म्हणतात. हे ती पुशर कार चालवायचे. मधे भट्टी असल्यामुळे पलीकडचं काही दिसत नाही. तिकडे गाडी जागेवर लागली का, माणूस बाजूला झाला का, हे तिकडूनच कळावं लागतं. सिग्नल होते, वॉकी-टॉकी होता, सगळं होतं. पण ह्यांची स्वतःची एक पद्धत होती.

"नाव घेऊनच विचाराचं," हे म्हणाले. "नुसतं क्लिअर का म्हटलं, तं कोनीबी हो म्हनून देते. पलीकडच्या गाडीवर रोशन असे; रोशन, क्लिअर? असं म्हटलं, तं रोशनच बोलीन. मंग मले समजते का रोशन आहे, अन् बाजूले आहे. त्याच्याबिगर मी कधी बटन नाई दाबलं."

"इथं कोन मरून राह्यलं? चारा आहे थो."

"आदत आहे," हे म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

आदत तर आदत. मी काय तक्रार करणार होते? खरं सांगते, मला ती हाक आवडायला लागली. आवडायला लागली म्हणजे मी तिची वाट बघायला लागले. घरात 'अवो' चालूच होतं. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षं झाली तरी चालू होतं. पण गोठ्यात, त्या गल्लीत, दिवसातून अनेकदा मी रंभा होते. हे मोठ्याने नाव घ्यायचे, मी मोठ्याने उत्तर द्यायचे, आणि त्या आवाजासरशी बसलेल्या गायी उठून गव्हाणीकडे यायच्या. त्यांना ते जेवणाच्या घंटेसारखं झालं होतं. मी कधीकधी उष्टं काढून झालेलं असतानाही मुद्दाम उत्तर द्यायचे नाही. मग दुसरी हाक यायची. सुखराम गालातल्या गालात हसायचा. हसू दे मेल्याला, मी म्हणायचे.

पुढे ह्यांचे कान जायला लागले. डॉक्टर म्हणाले, वय झालं. कानात घालायचं यंत्र आणलं. ते दोन दिवस घातलं आणि काढून ठेवलं. कानात माशी शिरल्यासारखं होते म्हणे. घरात त्याने फारसं बिघडलं नाही, कारण घरात हे आधीही बोलत नव्हते. बिघडलं ते गोठ्यात.

हे हाक मारायचे, "रंभा, क्लिअर?" मी ओरडायचे, "क्लिअर!" हे रॅम धरून उभेच. पुन्हा हाक. पुन्हा मी. तिसऱ्यांदा मी घसा फाडून ओरडायचे, गायी दचकायच्या, पण हे ढकलत नसत. उत्तर आल्याशिवाय ढकलायचं नाही. मी हातवारे केले. उन्नतीने मला हिरवं फडकं आणून दिलं, म्हणाली, "आई, हे दाखव. क्लिअर मतलब हरा." मी ते झेंड्यासारखं फडकवलं. हे मान हलवून म्हणाले, "इशारा कोनीबी करते. आवाज पाह्यजे."

"अहो पन माझ्याशिवाय इथं आहे कोन? सुखरामले लुगडं नेसवून उभं केलं का मी?" मी ओरडले. तेही ऐकू गेलं नाही.

मग ह्यांनी एक नवीनच चाल सुरू केली. हाक मारायची, थोडं थांबायचं, आणि रॅम भिंतीला टेकवून गल्लीभर चालत माझ्यापर्यंत यायचं. माझ्याकडे बघायचं. काही न बोलता परत जायचं आणि मग ढकलायला लागायचं. मी समजले की मी उष्टं नीट काढलं की नाही ते तपासायला येतात. मला भारी राग यायचा. इतकी वर्षं काढते आहे, आता तपासणार? मी टोपली आपटायचे. हे आपले बघायचे आणि परत जायचे. गुडघे आधीच दुखत होते. हळूहळू एकेक फेरी गळायला लागली, चारा लांबच पडून राहायला लागला, गायी कंटाळून बसायला लागल्या.

आणि एके दिवशी उन्नतीने जेवताना यंत्राचं काढलं. बापाला समजावं म्हणून मोबाइलवर मोठ्या अक्षरात टाइप करून दाखवलं, वर त्या यंत्राचा व्हिडिओ दाखवला. मला वाटलं होतं, आता हे ताट सरकवतील. हे व्हिडिओ शेवटपर्यंत बघत बसले.

"आन," हे म्हणाले. "बरं होईन. आनून टाक लवकर."

लवकर म्हणे! मला विचारलंसुद्धा नाही.

तर ते असं आलं, आणि हळद-कुंकू लावून घेऊन कामाला लागलं. सुखराम त्याच्या मागेमागे गल्लीभर चालत गेला आणि कौतुकाने म्हणाला, "काकी, ए तो बने रेंगत हे!" चांगलं चालतं आहे म्हणे. चालतंच होतं. ह्यांनी रॅम गोठ्यामागच्या पडवीत ठेवून दिला आणि बाहेर निंबाच्या सावलीत खाट टाकून बसायला लागले. पाय पसरून, रस्त्याकडे तोंड करून, दिवसभर. जेवायला या म्हणून मी समोर जाऊन हात हलवायचे, हे उठायचे. चहा पुढे ठेवायचे, हे प्यायचे. गोठ्याकडे फिरकायचे नाहीत. मी मात्र सवयीने उष्टं काढायला जायचे, आणि वाकल्या वाकल्या माझे कान मागे लागलेले असायचे. मागून यायची ती फक्त त्या पिंपाची घरघर.

यंत्रावर मी माझ्या परीने राग काढला. एकदा ढेपेचं पोतं त्याच्या वाटेत आणून ठेवलं. ते आलं, पोत्याला टेकलं, थांबलं, आणि पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मला जरा बरं वाटलं. इतक्यात उन्नती घरातून पळत आली, कारण त्याने तिच्या मोबाइलवर चुगली केली होती.

"आई! पोतं इथं कोणी ठेवलं?"

"मले काय विचारते? तुझ्या लेकाले विचार."

"आई, यार, ऐसे मत कर ना." तिने पोतं ओढून बाजूला केलं. कपाळावरचा घाम पुसला आणि माझ्याकडे नीट बघितलं. पोरगी बापावर गेली आहे, कमी बोलते, पण बघते. "तुला काय झालं आहे? तुम्हा दोघांचा त्रास कमी व्हावा म्हणून आणलं ना मी?"

एरवी मी काहीतरी उडवाउडवी केली असती. पण कशी कोण जाणे, खरी गोष्टच तोंडातून गेली. "तुहा बाप माझं नाव घेत होता इथं. आता नाई घेत. घरात घेत नाई, बाहेर घेत नाई. जगात आता कोनीच नाई घेत."

उन्नती जवळ आली. मग तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला रडू येईल म्हणून मी तो झटकला.

दुसऱ्या दिवशी तिने तोडगा काढून आणला. शिकलेली पोरगी, तिच्याकडे तोडगे फार. म्हणाली, नाहीतरी गायी यंत्राला उठत नाहीत, त्यांना तुमच्या हाकेची सवय आहे. यंत्रात आवाज भरता येतो. बाबांची हाक भरू, तुझं उत्तर भरू. यंत्र निघालं की दोन्ही वाजेल. "गायी भी खुश, तू भी खुश."

मी तोंड वाकडं केलं. पिंपाने माझं नाव घ्यावं आणि मीच त्यातून उत्तर द्यावं, हे काय जगणं झालं? पण खोटं कशाला सांगू, मनात आलं की काहीच नसण्यापेक्षा तेवढं तरी कानावर पडेल. मी हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. उन्नती मोबाइल घेऊन खाटेकडे गेली, आणि मी पाण्याची बादली घेऊन उगाच तिच्या मागे गेले.

तिने मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. ह्यांनी ओठ हलवत वाचलं. मोबाइल तिच्या हातात परत दिला.

"नाई."

उन्नतीने हात जोडल्यासारखं केलं, तोंडासमोर मोबाइल धरला, बोला अशी खूण केली.

"नाई म्हटलं ना!" हे एवढ्या जोराने ओरडले की सुखराम बाहेर आला. ऐकू येत नसलेल्या माणसाला आपला आवाज किती चढला ते कळत नाही, पण हा आवाज रागाचाच होता. "थे नाव मशीनीत नाई भराचं. दुसरं कायीबी भर. थे नाव नाई."

मी बादली तिथेच ठेवली आणि घरात गेले. माझं नाव घ्यायला माझ्या नवऱ्याला एवढा कंटाळा आला होता, की यंत्रासाठीसुद्धा एकदा घ्यायला तो तयार नव्हता. उन्नतीने शेवटी सुखरामचं 'हो हो हो, आवव', म्हणजे 'या, या', असं भरलं. दोन-तीन दिवसांत गायी त्याला उठायलाही लागल्या. गायींना काय, कोणी का ओरडेना.

मी बोलणं बंद केलं. सुखरामशी कामापुरतं, उन्नतीशी तेवढंच, ह्यांच्याशी शून्य. मला वाटलं, ह्यांना काय फरक पडणार, ह्यांना तसंही ऐकू येत नाही. चहाचा कप ठेवायचा आणि निघायचं. जेवण वाढायचं आणि निघायचं. असं बरेच दिवस चाललं. थंडी पडली होती, उन्हात बरं वाटायचं. एकदा दुपारी मी खाटेजवळ कप ठेवला आणि वळले, तर ह्यांनी माझ्या लुगड्याचा पदर धरला.

"अवो. तोंड कावून बंद आहे तुझं?"

मी हात हलवून 'काही नाही' अशी खूण केली.

"मले ऐकू नाई येत," हे म्हणाले. "पन तोंड हलते का नाई थे दिसते. किती दिस झाले, हलून नाई राह्यलं. तब्येत बरी नाई का?"

झालं. माझा बांध फुटला. मी ह्यांच्या उजव्या कानाशी वाकले, त्या कानात थोडं काहीतरी उरलेलं आहे, आणि गल्लीत ओरडायचे तशी ओरडले. "नाव घ्याले जीभ झडते का तुमची? पोरगी हात जोडून राह्यली होती! मशीनीतबी माझं नाव नको? इतकं नकोसं झालं?"

किती शब्द पोचले कोण जाणे. पण 'नाव' पोचलं, एवढं ह्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. हे माझ्याकडे बघत राहिले. मग खाटेवर बाजूला सरकून मला जागा करून दिली. मी बसले नाही.

"तुले काय वाटलं?" हे म्हणाले. "नकोसं झालं म्हनून नाई घेत?"

मी मान हलवली. हो.

हे खाली बघत बोलायला लागले. "प्लांटात मी नाव घेतलं, अन् उत्तर नाई आलं, तं काय समजाचं? थो मानूस जागेवर नाई, नाईतं त्याले कायी झालं. हात बटनावर असे माझा, अन् छातीत धडधड होये. मंग उत्तर येये, रोशन बोले, तवा जिवात जीव येये." ह्यांनी गोठ्याकडे हात केला. "आता मी तुले हाक मारतो. रंभा, क्लिअर? अन् मंग ऐकतो. कायी येत नाई. तू तिथं आहेस, ओरडून राहिली आहेस, मले मालूम आहे. पन कानाले नाई मालूम. तेवढ्या वेळात मले वाटे का तू गेली."

मी खाटेवर बसले.

"रोज," हे म्हणाले. "दर खेपेले. म्हनून मी चालत येओ तुले पाहाले. पाहिलं का बरं वाटे. मंग पुढच्या खेपेले पुन्हा तेच. पाय थकले, अन् जीवबी थकला. म्हनून पोरीले म्हटलं, आन लवकर मशीन. थे कोनाले विचारत नाई, तसंच ढकलते. अन् पोरगी म्हने त्या मशीनीत तुझं नाव भरा. मी नसीन, तू नसशीन, अन् थे मशीन तुझं नाव घेत फिरीन? बिगर उत्तराचं?" ह्यांनी मान हलवली. "नाई भरत. जाय."

मी ज्याला तपासणी समजून टोपल्या आपटत होते, ते हे होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात मला कोणी याहून मोठं काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारा माणूस माझ्याकडे न बघता चहाच्या कपावरची माशी हाकलत होता. मला हसू येत होतं, रडू येत होतं, आणि रागही आलेला होताच. हे आधी सांगायला काय झालं होतं? पण विचारून उपयोग नव्हता, ह्यांना ऐकू गेलं नसतं.

मी ह्यांचा हात धरला. भट्टीपाशी आणि शेणात राबलेला हात तो, खरबरीत. मी तो उचलून माझ्या गळ्यावर ठेवला, काळ्या पोतीच्या वर, जिथून आवाज निघतो तिथे. सुखराम गोठ्याच्या दाराशी उभा होता. मला लाज वाटली, पण मी हात काढला नाही. दुसऱ्या हाताने खूण केली. घ्या आता.

ह्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग विचारलं, "क्लिअर म्हनू का?"

मी मान हलवली. नाही. नुसतं नाव.

"रंभा," हे म्हणाले. हाक नव्हती ती. जवळ बसलेल्या माणसाशी बोलावं तसं, हळू म्हणाले.

"हाव," मी म्हणाले. "आहे मी."

माझ्या गळ्यावर ह्यांची बोटं हलली. हे एकदम माझ्याकडे बघायला लागले. डोळे भरून आले होते, आणि ह्यांना ते पुसायचं सुचलं नाही.

"रंभा," ह्यांनी पुन्हा म्हटलं.

"आहे ना जी बाप्पा. कुठं जाईन मी? तुमाले भाकर कोन देईन? मरत नाई मी इतक्यात, उन्नतीचं लगन राह्यलं आहे, थे काळी गाय गाभण आहे, अन् त्या सुखरामच्या भरवशावर हे सारं सोडून मी कुठं जाऊ?"

यातलं एक अक्षर ह्यांना ऐकू गेलं नसणार. पण माझं बोलणं चालू होतं तोवर ह्यांनी हात काढला नाही, म्हणून मी बोलतच राहिले.